चढायला आणि उतरायला एकच जोडी

साडी घ्यायला मी वीस मिनिटांच्या वर कधी बसलेले नाही. दुकानदाराने चौथी घडी मोडायच्या आत माझा निर्णय झालेला असतो. अशी मी, एका फेब्रुवारीत स्कीची एक जोडी निवडायला न्युरेम्बर्गहून तीनशे किलोमीटर गाडी हाकत दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयच्या डोंगरात गेले, तीन दिवस बर्फात उभी राहिले, आणि परत येताना गाडीच्या टपावर जी जोडी बांधलेली होती ती मी निवडलेली नव्हती.

ज्यांचा बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्कीइंग दोन प्रकारचं. पहिल्यात तुम्ही लिफ्टमध्ये बसून वर जाता आणि दाबून सारख्या केलेल्या उतारावरून, म्हणजे पिस्टवरून, घसरत खाली येता. दुसऱ्यात लिफ्ट नाही. स्कीच्या तळाला मखमलीसारखी एक लांब पट्टी चिकटवायची, टाच मोकळी सोडायची आणि पाय ओढत डोंगर चढायचा. वर पोचलं की पट्टी सोलायची, टाच पक्की करायची आणि कोणी न मळलेल्या बर्फातून उतरायचं. याला टुअर म्हणतात. पहिल्याला जाड, जड, न थरथरणारी स्की लागते आणि दुसऱ्याला हलकी. आम्हाला दोन्ही करायचं होतं आणि जोडी एकच घ्यायची होती.

आम्ही म्हणजे माझी मुलगी सई. तेव्हा तेरा वर्षांची, जन्म न्युरेम्बर्गचा. सहाव्या वर्षापासून स्की क्लबात. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. तिची वाक्यं पुढे मी मराठीत लिहिली आहेत, ती मनातल्या मनात जर्मन समजावीत. खरं म्हणजे त्या वर्षी तिची वाक्यंच कमी झाली होती. सकाळी ‘मॉर्गन’, संध्याकाळी ‘हालो’, मध्ये दार बंद. नवरा कामासाठी महिनोन्‌महिने पुण्याला, त्यामुळे ते दार मी एकटीच बघत बसायची.

नाताळात मात्र दार उघडलं. क्लबची ट्रेनर रेझी ईस्टरच्या सुट्टीत आठ मुलांना चार दिवसांच्या टुअरला नेणार होती, या झोपडीतून त्या झोपडीत, मुक्काम डोंगरातच. अट एकच. त्याआधी तिच्याबरोबर एक चाचणी टुअर करायची, आपल्या पायांनी वर आणि नीट खाली. सात मुलांची झाली होती. सई तापाने पडली होती म्हणून तिची राहिली, आणि रेझीने तिला फेब्रुवारीतला शेवटचा रविवार दिला होता. त्यानंतर झोपड्यांची बुकिंग पक्की करायची होती. सई दोन महिने दुसरं काही बोलतच नव्हती आणि बोलत होती ते माझ्याशी, म्हणून मलाही ती टुअर तिच्याइतकीच हवी होती.

बुटांचा प्रश्न मिटलेला होता. नोव्हेंबरात क्लबच्या जुन्या सामानाच्या बाजारात मी टुअरचे उत्तम बूट पटकावले होते. सईचं माप चोवीस, बूट साडेपंचवीस. वाढत्या अंगाची पोर, आज घ्यायचं आणि पुढच्या वर्षी टाकायचं हे माझ्या सांगलीच्या रक्तात बसत नाही. आमच्या लहानपणी फ्रॉकला आतून चार बोटं दुमड असायची आणि जूनमध्ये घेतलेल्या बुटांच्या टोकात कापूस. दिवाळीपर्यंत कापूस निघायचा. त्या बाजारातसुद्धा मी सवयीने खाली वाकून बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला. ते टणक प्लास्टिक, हूं की चूं नाही. तरी “एक बोट जागा आहे, बरोबर,” असं मीच जाहीर केलं.

“थोडे मोठे वाटतात,” सई म्हणाली होती.

“दोन मोजे घालायचे,” मी म्हणाले, आणि विषय संपला.

शुक्रवार

दुपारी खोऱ्यात पोचलो. एका बाजूला पांढरे डोंगर, दुसऱ्या बाजूला गोठ्यांचा वास, मध्ये आमचं पेन्झिऑन, म्हणजे घरगुती लॉज. मालकीणबाईंनी खोली दाखवायच्या आधी ओले बूट कुठे ठेवायचे ते दाखवलं. माझ्या आजोळीही पाहुण्याला आधी पायावर पाणी घ्यायची मोरी दाखवत, तेव्हा मला बाई आवडल्या.

लिफ्टच्या पायथ्याशी शनिवार-रविवार स्की-टेस्ट होती, मांडव शुक्रवारीच पडले होते. म्हणजे दुकानदार मांडव घालून बसतात, तुम्ही हवी ती जोडी घेऊन जायचं, एक फेरी मारून परत आणायची. आमचा मांडव टोनीचा. साठीचा माणूस, मिश्यांना बर्फ, हातात सतत स्क्रू ड्रायव्हर. मी त्याच्यापुढे माझा तक्ता पसरला. मी एका मोठ्या कंपनीत टेस्टिंगला आहे, यंत्रांचे भाग मोडेपर्यंत हलवणं हे माझं काम. तेव्हा तक्ता व्हायचाच होता. लांबी, स्कीच्या कमरेची म्हणजे मधली रुंदी, वजन, वळण, बूट स्कीला पकडणाऱ्या बाइंडिंगचा प्रकार, असे अकरा रकाने. इंटरनेटवरच्या एका फोरमचं म्हणणं होतं की रुंद घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, रुंद घेतलीत तर चढताना रडाल. ऑफिसातला सहकारी म्हणाला होता की मधली घ्या आणि दोन्हीकडे रडा.

टोनीने तक्ता उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

“आल्झो, तर मग,” तो म्हणाला, “मला एकच सांग. जास्त काय होणार, वर जाणं की खाली येणं?”

इथे डोंगरात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. हजार मीटरच्या वर आदरार्थी बहुवचन चढत नाही म्हणे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला ‘अरे’ म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी कर्त्याशिवाय बोलले.

“जेवढं वर जाणार तेवढंच खाली येणार ना?”

“लिफ्टने गेलीस तर नाही.”

हे बरोबर होतं. मी बाराव्या रकान्याचा विचार करू लागले. टोनीने प्रश्न मला विचारला होता, पण विचारताना बघत सईकडे होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. तो म्हणाला, तिच्या उंचीला एकशे बावन्न सेंटिमीटरची स्की पुरे. मी म्हणाले, एकशे त्रेसष्टची दाखवा, पोर वाढतेय. त्याने मिश्या पुसल्या आणि दोन्ही लांबीच्या काढून ठेवल्या.

शनिवार

सकाळी उणे नऊ. आकाश इतकं निळं की डोळे मिटावेत. चार जोड्या ठरल्या. नावं लक्षात राहीनात म्हणून रंगांनी ओळखायच्या, निळी, लाल, हिरवी आणि पांढरी. सईने लिफ्टने वर जायचं, एक फेरी मारून यायचं आणि मला मार्क सांगायचे, जर्मन शाळेसारखे, एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास. मी खाली वही घेऊन उभी.

निळी रुंद आणि जड. सई येऊन म्हणाली, “चार. वळायला उशीर करते.”

लाल हलकी आणि अरुंद. “चार. थरथरते.”

हिरवी मधली, टोनीच्या मते सगळ्यांचं ऐकणारी. “पाच. माझं ऐकतच नाही.”

पांढरीचे साडेचार. लांबी बदलून पाहिली, तेच. बाइंडिंग बदलून पाहिलं, तेच. टोनीने हिरवीच्या कडा घासून दिल्या. आता चार, पण दुसऱ्या फेरीला परत पाच. सकाळी चार मिळालेली निळी जेवणाआधी साडेपाचावर गेली. इतक्या वेगळ्या चार स्की आणि मार्क सगळ्यांचे जवळपास सारखे. माझा तक्ता म्हणजे नुसता गोंधळ झाला. आडवा वाचला तर सगळ्या वाईट, उभा वाचला तर प्रत्येक जोडी दर तासाला आणखी वाईट होत चाललेली.

“स्की दमते का हो?” मी शेवटी टोनीला विचारलं.

“स्की नाही दमत,” तो म्हणाला आणि सईकडे बघत राहिला.

जेवायला वरच्या झोपडीत गेलो. झोपडी म्हणायची, पण आत दोनशे माणसं, ओल्या लोकरीचा वास आणि पत्र्याच्या तव्यात केझश्पेट्झ्ले. ते म्हणजे पिठाच्या चुकलेल्या शेवया आणि वर चीज आणि तळलेला कांदा. कांदा आमच्या बिर्याणीवरच्या कांद्याचा सख्खा भाऊ. मी पर्समधून लसणाची चटणी काढून वर भुरभुरवली. शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, चिमूटभर मागितली आणि नंतर रास्पबेरी सरबताचे दोन ग्लास लागोपाठ प्यायले. सईने टेबलाखाली बुटांची बकलं उघडली होती.

“पाय दुखतोय का गं?”

“नाही.”

मी आणखी चटणी घेतली.

संध्याकाळी पेन्झिऑनच्या पलंगावर बसून मी बेरजा केल्या, सरासरी काढली, सर्वांत वाईट आकडा गाळून परत काढली. चारही जोड्या पासाच्या काठावर हात धरून उभ्या. मला काहीच कळेना. शेवटी वजनावर निकाल दिला आणि ना जड ना हलकी अशी हिरवी, एकशे त्रेसष्ट ठरवली, पुढच्या वर्षीही चालेल अशी.

“हिरवी चालेल ना?”

सईने खांदे उडवले. “तू ठरवलंयस ना.”

रविवार

रेझी आठ वाजता दारात हजर. तिशीची, उन्हाने रापलेली, मोजकं बोलणारी. जंगलातल्या रस्त्याने दोन तास चढून वरच्या कुरणातल्या गोठ्यापर्यंत जायचं आणि स्कीवरून उतरायचं, ही चाचणी. मी स्नो-शूज भाड्याने घेतले होते. पायात टेनिसच्या रॅकेटी बांधून चालायचं तसा प्रकार. पहिल्या दहा पावलांत मी स्वतःच्याच डाव्या पायावर उजवा ठेवून बर्फात बसले. रेझीने न हसता उठवलं, याबद्दल मी तिची आभारी आहे.

सईने टोनीकडून उसनी आणलेली हिरवी जोडी पट्ट्या लावून पायात घातली होती. पहिला अर्धा तास छान गेला. देवदारांवरून बर्फ सुटून पडायचा तेवढाच आवाज. रेझी पुढे, सई मध्ये, मी धापा टाकत मागे. मग सईची पावलं आखूड झाली. मग ती वळणावळणाला थांबू लागली. मी मागून ओरडले, “स्की जड पडतेय का?” तिने मान हलवली, हो की नाही ते मागून कळलं नाही. मनात मी हिरवीला सहाच्या दिशेने आणखी ढकललं.

एका मोकळ्या माळावर ती बसलीच. मी घाईघाईने दशम्या काढल्या, आमच्याकडे कुठल्याही अडचणीवर आधी दशमी काढतात. दशम्यांची गोठून कौलं झाली होती. सईने हातात घेतली आणि मांडीवर ठेवून दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेझी गुडघ्यांवर बसली. स्कीकडे तिने बघितलंही नाही. तिने सईचा बूट उघडला, पाय बाहेर काढला. एक जाड मोजा. त्याच्या आत दुसरा. बुटात तळाला मी कापून घातलेला नमद्याचा तुकडा. आतला मोजा टाचेला चिकटला होता. रेझीने तो हळूच सोडवला तेव्हा टाच रुपयाएवढी सोललेली दिसली. दुसऱ्या पायाचीही तशीच.

ऑफिसात नवीन मुलं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगते. पार्ट नापास झाला की लगेच पार्टला नावं ठेवू नका, आधी तो ज्यात पकडलाय ते फिक्स्चर तपासा. ढिलं असेल तर सोन्याचा पार्टसुद्धा नापास होईल. बारा वर्षं हे सांगतेय. आणि शनिवारी दिवसभर मी चार स्की बदलल्या, दोन लांब्या बदलल्या, बाइंडिंग बदललं, आणि ज्यात माझ्या मुलीचा पाय पकडलेला होता ते एकदाही उघडून पाहिलं नाही.

“हे बूट कोणी निवडले?” रेझीने विचारलं.

“मी,” सई म्हणाली. “मलाच मोठे हवे होते.”

इतक्या चटकन म्हणाली की ते आधीच ठरवून ठेवलेलं असावं. नोव्हेंबरपासून ती त्या बुटांत पाय घालत होती आणि मला पाठीशी घालायचं वाक्य तिच्याकडे तयार होतं. मला लाज वाटली. त्या थंडीत कान गरम झाले.

“तिने नाही,” मी म्हणाले. “मी निवडले. ती मोठे आहेत म्हणाली होती. मी ऐकलं नाही.”

रेझी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने टाचांना पट्ट्या लावल्या आणि शांतपणे म्हणाली, “चौथ्या दिवशी वरच्या झोपडीत हे झालं तर मी हिला खाली कशी आणू? आज असं चालणार नाही.”

 सईने दशमीचे तुकडे करून ते बर्फात टाकले, आणि झाडावरचा एक कावळा, तिथले कावळे पिवळ्या चोचीचे असतात, ते वेचायला लागला. ईस्टर संपल्यात जमा होता आणि तो मी संपवला होता.

मग मी आयुष्यात फारच क्वचित करते ते केलं, विनवणी. म्हणाले, “दिवस अजून आहे. नीट बूट मिळाले तर?”

रेझीने घड्याळ पाहिलं. जर्मन माणूस घड्याळ बघतो तेव्हा बहुधा नकार येतो. तिने सईला विचारलं, “तुझ्या टाचांना जमेल?”

“हो,” सई म्हणाली.

“लिफ्ट साडेचारला बंद होते. पायथ्यापासून मधल्या स्टेशनापर्यंत पट्ट्यांवर चढायचं, पिस्टच्या कडेने, आणि लिफ्ट बंद व्हायच्या आत माझ्यासमोर खाली. दुखलं तर मला सांगायचं, लपवायचं नाही. एवढं केलंस तर मी बघते.”

जंगलातल्या रस्त्यावरून दोघी अगदी सावकाश उतरल्या. मी रॅकेटी आपटत मागून.

टोनीचा मांडव आवरायला आला होता. मी सगळं सांगितलं. त्याने मिश्यांवरून हात फिरवला, एवढंच. कालपासून त्याला संशय असणार, पण गिऱ्हाइकाला तोंडावर कोण सांगतो. त्याने भाड्याच्या बुटांतून चोवीसचे बूट काढले. सईने एकच पातळ मोजा घालून पाय आत सरकवला, बकलं लावली, उभी राहिली.

आणि मी वाकले. वाकून बुटाच्या टोकावर अंगठा ठेवला. तेच टणक प्लास्टिक. आत बोटं कुठवर आली आहेत, दबताहेत की मोकळी आहेत, काही कळायला मार्ग नव्हता. मार्ग एकच होता आणि तो माझ्यापुढे उभा होता.

“बसतात का गं?” मी खालूनच विचारलं.

सईने गुडघे वाकवले, टाच उचलून पाहिली. घाई केली नाही.

“पास्ट,” ती म्हणाली. बसतात.

“पण—” माझ्या ओठांवर ‘पुढचं वर्ष’ आलं होतं. मी ते गिळलं आणि उठले.

टोनीने आता प्रश्न बरोबर माणसाला विचारला. “सांग, तुला जास्त काय आवडतं? वर जाणं की खाली येणं?”

“खाली,” सई म्हणाली. “पण वर मी चालत गेले असले की. मग वर कोणी नसतं.”

तेरा वर्षं तिला भरवलं-न्हाऊ घातलं, पण हे मला माहीत नव्हतं. माझ्या अकरा रकान्यांत यासाठी जागाही नव्हती.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” टोनी म्हणाला. “मग चढताना थोडं वजन सोसशील.” आणि त्याने निळी पुढे केली, एकशे बावन्नची. माझ्या तक्त्यात सर्वांत नापास झालेली. सईने ती बगलेत मारली आणि गेली.

पावणेतीन वाजले होते. मी पायथ्याशी उभी राहिले. पिस्टच्या कडेने रेझीचा लाल ठिपका आणि त्यामागे सईचा निळा वर सरकत होता, मग वळणाआड दोन्ही दिसेनासे झाले. टाचा सोललेल्या आहेत, स्की जड आहे, ती सांगणार नाही, परत लपवेल, असं सगळं मनात येत होतं. चार वाजले. सव्वाचार झाले. लिफ्टचा माणूस खुर्च्या मोजायला लागला.

वरून माणसं येतच होती. त्यांत एक मुलगी लयीत मोठी वळणं घेत आली. मला वाटलं, कोणाची आहे, काय सुरेख येतेय. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बर्फ उडवून थांबली, तेव्हा ती माझीच निघाली.

मागून रेझी आली. “वर दोनदा दुखलं. दोन्ही वेळा तिने सांगितलं,” ती म्हणाली. मग खिशातून यादी काढून आठवं नाव लिहिलं. उच्चार सगळे चुकीचा करतात, पण स्पेलिंग तिने मला न विचारता बरोबर लिहिलं.

सई ईस्टरला गेली. नाक सोलून आली आणि जेवणाच्या टेबलावर दोन तास बोलली, इतक्या वेगाने की मला निम्मं कळलं नाही. मी मध्ये एकदाही काही सुचवलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

तिचा पाय साडेचोवीसवर थांबला. त्या मोठ्या बुटांच्या मापाला तो कधी आलाच नाही. पुढच्या नोव्हेंबरात क्लबच्या त्याच बाजारात मी ते विकायला ठेवले. एक जर्मन बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीने बूट चढवला. बाई खाली वाकली आणि टोकावर अंगठा दाबू लागली. इकडून दाबलं, तिकडून दाबलं, मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

“जागा आहे का हो आत?” तिने विचारलं.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. “तिला विचारा.”

मुलगी म्हणाली, मोठे आहेत. मी बूट काढून घेतले आणि परत टेबलावर ठेवले.